डबल काचेचा रेट आणि अण्णांचा प्रश्न

मंडळी, आज आमच्या माण गावातल्या घरी डबल काचेच्या खिडक्यांची दोन कोटेशनं आली. समोरच्या टॉवरच्या कामाचा आवाज दिवसभर डोक्यात घुमतो, म्हणून जुन्या खिडक्या बदलायच्या आहेत.

पहिल्याचा रेट ऐकून मी जवळजवळ हो म्हणणार होते. मग कळलं, जुन्या चौकटी काढणं, जाळी, फिटिंग, जीएसटी सगळं वेगळं. दुसऱ्याने ते रेटमध्येच धरलं होतं. बेरीज केली तर दुसराच स्वस्त. शिवाय पहिल्याच्या खिडक्या सरकत्या, त्यांच्या फटीतून आवाज येतोच म्हणे.

दुसऱ्या कोटेशनवाला मापं घेत होता. माझे वडील, अण्णा, खाटेवर बसून बघत होते. टॉवर उभा राहतोय तिथे आमचं भाताचं खाचर होतं. अण्णांनीच विकलं.

"आवाजाचं काय न्हाई," अण्णा त्याला म्हणाले. "पल्याडचं दिसायचं बंद व्हईल, अशी काच हाय का?"

"आहे ना काका, दुधी काच. थोडा रेट वाढेल."

मी वाढीव रेट तेवढा लिहून घेतला.

तुमच्यापैकी कुणी दुधी काच बसवली आहे का? घरात फार अंधार होतो का?