नकाशावरचा झरा

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. त्यामुळे छापलेल्या कागदावर माझा फार विश्वास. अमेरिकेत नेवाडात भूजल शिकायला गेले, तेव्हा सरकारी नकाशावरचा प्रत्येक निळा ठिपका मला वडीलधाऱ्यांनी दिलेल्या शब्दासारखा वाटायचा.

मराठी मंडळाच्या सहलीचा म्होरक्या पुण्याचा सॉफ्टवेअर इंजिनिअर होता. सह्याद्रीतले पन्नास किल्ले केलेला आणि ते दर सहलीत गप्पांमध्ये पुन्हा सर करणारा.

"माणशी एक बाटली बास, यार. डोंगरावर टाकं असतंच."

"इथे किल्ले नाहीत," मी म्हटलं, "पण झरा आहे." आणि नकाशावर बोट ठेवलं.

त्याची आई नुकतीच भारतातून आली होती. तिने मला बाजूला घेतलं. "तू पाण्याचंच शिकतेस ना? नक्की आहे?"

"आहे, काकू."

चार मैल चढलो. पिवळट माती, गुडघ्याएवढी राखाडी झुडपं, मैलभरात एखादं बुटकं जुनिपरचं झाड. बाटल्या अर्ध्या वाटेतच संपल्या. झऱ्याच्या जागी गुरांसाठी ठेवलेलं फुटकं पत्र्याचं टाकं होतं आणि भोवती चिखल. म्हणजे टाकं असतं हे खरंच निघालं.

काकू जुनिपरखाली बसल्या, बूट काढले. "आता पाण्याशिवाय मी काही उतरत नाही."

मी घाईघाईने समजावू लागले. हिवाळ्यातलं बर्फ वितळतं, चुनखडीत मुरतं, मग खाली दरीत...

"कुठे जातं ते कळलं," काकू म्हणाल्या. "आपल्याला कुठे मिळेल ते सांग."

एवढं अभ्यासक्रमात नव्हतं. मी चिखलात बसले आणि पोळ्यांच्या डब्याच्या झाकणाने हातभर खड्डा खणला. गावच्या कोरड्या नदीत आई असाच झिरा काढायची, मी मदतीला असायचे. प्रवेशअर्जात 'अनुभव' या रकान्यात मात्र ते लिहायची लाज वाटली होती.

पाणी पाझरू लागलं. वाटीभर साठायला दहा मिनिटं लागली. रुमालातून गाळलं. म्होरक्याने लगेच सगळ्यांना रांगेत उभं केलं, स्वतः पुढे राहिला, आणि वाटी नाकाशी नेऊन थांबला. "सेफ आहे का हे?" गडावरचं शेवाळलेलं पाणी ओंजळीने प्यायल्याची गोष्ट त्याने सकाळीच गाडीत सांगितली होती.

"लॅबमध्ये तपासल्याशिवाय सांगता येणार नाही," मी म्हटलं.

काकूंनी त्याच्या हातातून वाटी घेतली आणि डोळे मिटून संपवली. पुढच्या दोन वाट्याही त्यांनाच दिल्या. मग त्यांनी पावलांची धूळ झटकली आणि बूट मागितले.