सरांची बादली, गुलाबताईची बाटली

आमच्या पेणच्या गणपतीच्या कारखान्यात कितीही झाडलं तरी कोपऱ्यात माती साठतेच. किश्शांचंही तसंच. कोणी मुद्दाम जमवत नाही, पण एका छपराखाली चार तोंडं वर्षभर ठेवली की आपोआप जमतात! गेल्या वर्षीचे बहुतेक किस्से मात्र एकाच माणसाचे. सरांचे.

कारखाना माझ्या काकांचा. त्यांना सगळे नाना म्हणतात. मी ऑर्डरी घेतो आणि मूर्तींचे डोळे आखतो. सर रोह्याचे, कॉलेजात केमिस्ट्री शिकवून रिटायर झालेले. रिटायर झाल्या झाल्या त्यांच्या बायकोनं, म्हणजे रोह्याच्या काकूंनी, त्यांना बजावलं, "पदार्थ कसे बनतात ते जन्मभर पोरांना सांगितलंत, स्वतः एक वस्तू बनवली नाहीत. यंदाचा बाप्पा तुमच्या हातचा. नाहीतर पाट रिकामा!"

काकू बोलतात तसं करतात. म्हणून सर रोज रोह्याहून गाडीनं पेणला यायला लागले, शाडूची मूर्ती शिकायला.

* * *

पहिल्याच दिवशी बापूनं प्लास्टर कालवायला घेतलं. बापू आमचा जुना कारागीर. सर म्हणाले, "थांब, आधी नीट समजून घे."

मग बादलीत काठी धरून सर सांगायला लागले. प्लास्टर पाण्याला पोटात घेतं, त्याचे सुयांसारखे स्फटिक होतात, ते एकमेकांत अडकतात आणि म्हणून ते घट्ट होतं. शाडू मात्र पाण्याला नुसतं ओसरीवर बसू देतो. पाणी उठून गेलं की माती ती मातीच. पुन्हा भिजवा, पुन्हा मऊ.

समजावलं फार छान. मलासुद्धा कळलं! पण तोवर काठी बादलीत उभीच्या उभी राहिली होती.

"सर, ह्ये आता सुटंल का?" बापूनं विचारलं.

"छे! आता ते कायमचं."

"मग बादलीपन कायमची तुमची."

बापूनं करवतीनं काठी कापली आणि बादली उपडी ठेवली. त्या दिवसापासून सर त्या बादलीवरच बसायचे.

* * *

गुलाबताई खाडीकाठच्या गावातली. मुकुटावर खडे चिकटवण्यात तिचा हात धरणारं कोणी नाही. तिचा पांढरा गोंद सरांना फार आवडायचा. बाटली हातात घेऊन म्हणायचे, "यात शेवयांसारख्या लांब लांब साखळ्या आहेत, गुलाबताई. पाणी उडून गेलं की त्या एकमेकींत अशा गुंततात की विचारू नका. मग मातीचा कण न् कण धरून ठेवतील. वर पाणी ओतलं तरी सहजासहजी सोडायच्या नाहीत!"

"व्हय सर, दिसतंय मना," गुलाबताई म्हणाली. "तुमचा चष्मा पन सोडीत नाय."

बोलता बोलता सरांनी चष्मा काढून नेमका सांडलेल्या गोंदावर ठेवला होता. त्या संध्याकाळी सर एका काडीचा चष्मा लावून रोह्याला गेले.

* * *

एकदा विषय कार्बनचा निघाला. कोळसा, पेन्सिलीचं शिसं आणि हिरा, सगळा एकच माल. फक्त कण एकमेकांना कसे धरतात त्यात फरक. शिशात त्यांचे थर असतात, ते सरकतात, म्हणून कागदावर उमटतं. हिऱ्यात प्रत्येकानं चौघांना घट्ट धरलेलं, कोणी हलत नाही.

बापूची बायको कित्येक वर्षं नाकात घालायला हिऱ्याची चमकी मागत होती. बापूला आयतंच सापडलं. घरी जाऊन त्यानं तिच्या हातावर पेन्सिल ठेवली आणि सरांचं लेक्चर जसंच्या तसं म्हणून दाखवलं.

दुसऱ्या दिवशी बापूनं जेवायला डबा उघडला. आत चार कोळसे! खाली चिठ्ठी होती : "हा पण तोच माल. सरांना पण द्या."

* * *

एकदा नळाला पाणी नव्हतं म्हणून बापूनं खाडीकडच्या बोअरचं पाणी आणून शाडू मळला. मूर्ती वाळली तशी तिच्या सोंडेवर पांढरी लव उगवली. नेमकं गडब गावचं गिऱ्हाईक दारात! गुलाबताईनं नखानं थोडं खरवडलं आणि जिभेवर ठेवलं.

"अगो, नैवेद्य आधी बाप्पाला दावतात!" बापू ओरडला.

सर लगेच बादलीवरून उठले. "मीठ आहे ते! पाण्यात त्यातली सोडियम-क्लोरीनची जोडी सुटते. पाणी उडालं की दोघं परत एकमेकांना धरतात, तेही थेट पृष्ठभागावर येऊन."

गुलाबताई बापूकडे बघून म्हणाली, "माज्या बापानं जन्मभर मिठागर केलं. पन सोंडेवर मीठ पिकवनारा तू पयलाच!"

* * *

सरांच्या स्वतःच्या मूर्तीचं काही खरं नव्हतं. पहिलीची सोंड तडकली. सर म्हणाले, "बारीक भाग आधी वाळला, थर जवळ आले, ताण पडला." अगदी बरोबर! दुसरीचा कान गेला. त्याचंही कारण अगदी बरोबर.

नाना सातवी शिकलेले. ते फक्त म्हणायचे, "सर, ओलं फडकं टाका. सावलीत ठेवा. घाई करू नका." सरांना ते फार साधं वाटायचं. तिसरीचे दोन हात गळाले तेव्हा नाना म्हणाले, "मोडल्याचं कारण तुम्हाला तोंडपाठ हाय, सर. न मोडल्याचं कधी शिकनार?"

सर हसले नाहीत. चतुर्थी आठ दिवसांवर आली होती. बादलीवर बसून ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले. मला फार वाईट वाटलं.

* * *

चौथी मूर्ती तडकली नाही!

एक रेघसुद्धा नाही. नाना तिच्याभोवती दोनदा फिरले. मी डोळे आखले तेव्हा सरांचे डोळे भरून आले, आणि खरं सांगतो, माझेही. बापूनं ती पाटावर ठेवून रोह्याच्या गाडीपर्यंत सोडली. त्या गडबडीत गुलाबताई मात्र दिवसभर बापूच्या नावानं खडे फोडत होती. तिची गोंदाची नवी बाटली सापडत नव्हती, आणि बापू शपथा घेऊन दमला होता.

चतुर्थी झाली. दीड दिवसाच्या विसर्जनाला, संध्याकाळी काकूंचा फोन आला. नानांनी स्पीकरवर घेतला.

"नाना, ह्यांनी अंगणात टबात विसर्जन केलं. तीन तास झाले. अजून बसलेत!"

"कोन, बाप्पा?"

"दोघंही! बाप्पा टबात जसाच्या तसा, हे टबाशेजारी. विचारलं तर कारण सांगत नाहीत. हे कारण सांगत नाहीत, नाना! चाळीस वर्षांत पहिल्यांदा!"

नाना फोन धरून सरांच्या रिकाम्या बादलीकडे बघत राहिले.

मागून गुलाबताईचा आवाज आला, हळूच.

"बापू... माजी बाटली तू नव्हती नेलीस."