पिकअपची पुढची चाकं

छप्पन साली हैदराबाद राज्याचे तेलुगू, मराठी आणि कन्नड असे तीन तुकडे झाले, त्या हिवाळ्यात आमच्या सरकारी वर्कशॉपमधल्या गाड्यांचीही वाटणी चालली होती. भाऊ वेगळे निघताना पितळेची भांडी वाटतात तशी. मी मराठवाड्याच्या वाट्याला गेलेला फिटर. माझ्याबरोबर लष्करातून आलेली एक जुनी पिकअप जायची होती, आमच्या तालुक्याच्या दवाखान्यासाठी. शनिवारच्या तपासणीत तिच्या चारही चाकांनी ओढ घेतली नाही तर ती भंगारात निघणार होती, आणि बदली गाडी मिळणार नव्हती. आमच्याकडची काळी माती एका अवकाळी पावसात बैलालाही गुडघ्यापर्यंत धरून ठेवते. त्याच रस्त्यावर माझ्या धाकट्या बहिणीचं सासर, आणि तिला सातवा महिना लागलेला. ही गाडी मला हवीच होती.

पण पुढच्या चाकांना जोर देणारा गिअरचा दांडा टाकला तरी ती ढिम्म. धुण्याच्या रॅम्पमागच्या चिखलात मागची दोन गरगर फिरत आणि पुढची नुसती बघत बसत. मी आधी थंडीला शिव्या घातल्या. पहाटे गिअरचं तेल काकवीसारखं घट्ट व्हायचं, म्हणून ते काढलं, शेगडीवर कोमट केलं, परत ओतलं. दांडा अलगद पडायला लागला, चाकं तशीच. दांड्याखालचा रॉड खोलून पुन्हा बसवला. शेवटी सगळी गाडी जॅकवर चढवून इंजिन चालू केलं, गिअर टाकला, तर पुढच्या ॲक्सलकडे जाणारा लांब शाफ्ट छान फिरत होता. म्हणजे जोर ॲक्सलपर्यंत पोचत होता आणि तिथून चाकापर्यंत जात नव्हता.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ही करामत तेलुगू बाजूच्या लोकांचीच, याबद्दल मला शंकाच नव्हती. त्यांचा हेड मिस्त्री तीन दिवस सकाळी माझ्याबरोबर गाडीखाली पडलेला असायचा. त्यालाच मी सगळ्यांसमोर चोर म्हणालो. वर त्याच्या सगळ्या मुलखाचा उद्धार केला. तो हात पुसत एवढंच म्हणाला, "गालियाँ बाद में देव भाई, पहले चक्के की टोपी तो खोलो."

चाकाच्या मधोमधची ती टोपी काढली. आत चाकाला फिरवणारा ॲक्सलचा दांडा असायला हवा होता. तिथे नुसतं भोक, आणि तेल गळू नये म्हणून कोंबलेली चिंधी. चिंधीवर तांब्याच्या तारेचे तीन वेढे आणि शेवटी उलटी गाठ. अख्ख्या वर्कशॉपमध्ये अशी चिंधी एकच माणूस बांधायचा: माझा उस्ताद, ज्याने मला पाना धरायला शिकवलं, परभणीकडचा, आपला मराठी माणूस. मिस्त्रीनेही ती गाठ ओळखली. तो उठून गेला.

उस्ताद काही न लपवता सांगून मोकळा झाला. वाटणीच्या पहिल्या यादीत पिकअप तेलुगू बाजूला होती. जाणाऱ्या गाडीतला चांगला माल आधी काढून घ्यायचा, ही रीतच पडली होती, दोन्हीकडे. म्हणून त्याने ॲक्सलचे दांडे काढून आमच्या वाट्याच्या पेटीत टाकले. मग यादी बदलली, पिकअप आमच्याकडे आली आणि ती पेटी चुकून कन्नड वाट्याच्या, गुलबर्ग्याच्या ट्रकबरोबर निघून गेली. स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन, दुसरं काय.

"आपल्या लोकांसाठीच केलं बाबा," तो म्हणाला.

"कोणते आपले, उस्ताद? तुम्ही तर इथंच राहायचा अर्ज दिलाय." मी ओरडत होतो. हैदराबादेतच, गौलीगुड्यात त्याचं घर होतं, ते सोडून तो कुठेच जाणार नव्हता. त्याने खाली बघत बिडी पेटवली.

शुक्रवारी दुपारी मिस्त्रीने त्यांच्या वाट्याच्या, इंजिन गेलेल्या तसल्याच एका पिकअपचे दोन्ही दांडे काढून माझ्या बाकावर आणून ठेवले. मी उस्तादावर चिडलेलो होतो, याद्या करणाऱ्यांवर चिडलेलो होतो, आणि सगळ्यांत जास्त माझ्या तोंडावर. मान वर केली नाही. शनिवारी गाडी चारही चाकांनी चिखलातून वर आली, कागदावर सही झाली. निघताना मिस्त्रीने फाटकापाशी हात वर केला. मी आरसा नीट करत राहिलो.

माघात आमच्याकडे अवकाळी पाऊस झाला आणि अडलेल्या बहिणीला त्याच गाडीतून दवाखान्यात नेलं. मुलगी झाली. बहीण आजही येईल त्याला सांगते, "दादानं भांडून गाडी आणली म्हणून आम्ही दोघी वाचलो." लोक कौतुकाने माझ्याकडे बघतात आणि मला स्वतःचीच चीड येते. ज्याने तिला वाचवलं त्याला मी चोर म्हणालो होतो, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.