दहापैकी दहा

माझ्या बायकोला मोटारसायकल मीच शिकवली. नाशिकला तपोवनातल्या मोकळ्या मैदानावर, तीन रविवार. चौथ्या रविवारी ती माझ्यापेक्षा चांगली चालवायला लागली, आणि तेव्हापासून माझ्या पोटात जे दुखायला लागलं ते काही थांबलं नाही.

बायकोचा कसला हेवा, असं ज्याला वाटेल त्यानं एकदा आमच्याबरोबर मिसळ खायला यावं. दोन गाड्या बाहेर लावायच्या, माझी बारा वर्षांची जुनी, तिची नवी दणकट. मिसळ टेबलावर येईपर्यंत तीन माणसं तिच्यापाशी येणार. ताई, ॲव्हरेज काय देते? ताई, उंच नाही का पडत? मग एक फोटो, आणि तो काढायचा मी. पेट्रोल पंपावर तेच. माझे कॉलेजातले मित्रसुद्धा फोन केला की आधी विचारतात, या रविवारी वहिनी कुठे निघाल्या? मी म्हणजे जणू वहिनींच्या मागून येणारा सामानाचा टेम्पो.

बरं, ती खरंच छान चालवते, हेच तर दुखणं. वळण आलं की मी आखडतो, ब्रेक दाबतो. ती गाडीबरोबर सहज कलते आणि निघून जाते. वीस वर्षं ती माझ्या मागे बसत होती, उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवून. गेली दोन वर्षं तो खांदा रिकामा होता. ती पुन्हा मागे बसावी, एवढंच मला हवं होतं. पण हे तोंडानं सांगायची लाज वाटायची, म्हणून मी भलतंच कुरकुरायचो. तुझा वेग फार, तुझं हेल्मेट महाग, तुझ्या गाडीचा आवाज कानात बसतो.

गेल्या हिवाळ्यात एका सुट्टीला हरसूलहून नागली, म्हणजे नाचणी, आणायची ठरली. नागली आमच्या कॉलनीतल्या दुकानातही मिळते. पण हरसूलच्या वाटेवर वाघेऱ्याचा घाट आहे, आणि तिला घाट हवा होता. म्हणून आदल्या दिवशी तिनं गाडी शोरूममध्ये सर्व्हिसिंगला दिली. गाडी तिच्या नावावर, हप्ते तिच्या पगारातून, तरी शोरूमच्या कागदावर फोन नंबर माझा. गाडी घेताना तो मीच पुढे होऊन लिहिला होता. ‘सर, मॅडमची गाडी तयार आहे,’ असा फोन आला की मला तेवढंच बरं वाटायचं.

सकाळी ती वर डबा भरत होती आणि मी गाड्या पुसायला खाली पार्किंगमध्ये गेलो. तिच्या गाडीखाली फरशीवर तेलाचा डाग होता, पुरीएवढा. बोट लावून पाहिलं. नवं तेल, मधाच्या रंगाचं. इंजिनाच्या तळाला हात घातला तर थेंब माझ्या तळव्यावर पडला. ऑइल बदलल्यावर खालचा नट नीट आवळायला ते विसरले होते, हे कळायला मेकॅनिक असावं लागत नाही.

तेवढ्यात शोरूमचा फोन आला. सर्व्हिसिंग झालं की दुसऱ्या दिवशी त्यांची बाई फोन करतेच, आणि दहापैकी दहा मार्क द्या म्हणून गळ घालते. कमी मिळाले की त्यांना वरून बोलणी बसतात म्हणे. तिनं पाठ केलेले प्रश्न विचारले. गाडीत काही तक्रार? कुठे गळती वगैरे? मी तेलकट बोटाकडे बघत होतो. मनात आलं, थोड्या वेळानं गाडी बंद पडेल. ती रस्त्याच्या कडेला उभी राहील आणि म्हणेल, अहो, जरा बघता का. मग माझ्या मागे बसून घरी येईल. मी म्हणालो, काही तक्रार नाही, दहापैकी दहा. फरशी फडक्यानं पुसून टाकली. ते तेल मागच्या चाकावर उडेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही, हे मी शपथेवर सांगतो, पण त्यानं माझी बाजू फारशी सुधारत नाही.

वाटेतल्या गिरणारे गावापर्यंत काही झालं नाही. ती पुढे, मी मागे. घाट सुरू झाला आणि मला रस्त्यावर काळी ओली रेघ दिसायला लागली. मी हॉर्न वाजवला. तिला वाटलं, मी नेहमीसारखा हळू जा म्हणतोय. पुढच्या वळणावर तिची गाडी कलली आणि मागचं चाक सरकलं. सरकतच गेलं, दरीच्या बाजूच्या कठड्याकडे. मी ओरडलो असेन. तिनं ब्रेकला हात लावला नाही, गाडी सरळ केली, पाय टेकवला आणि कठड्यापासून हातभर अंतरावर थांबली. त्या जागी मी असतो तर पडलोच असतो.

हेल्मेट काढून ती खाली वाकली. मागचं चाक तेलानं माखलं होतं. तिनं आधी शोरूमला फोन लावला, स्पीकरवर. मॅनेजर फोनवर आला. आवाज न चढवता तिनं त्याला जे ऐकवलं, ते ऐकून मीही खाली मान घातली. त्यानं माफी मागितली, चूक आमचीच म्हणाला. मग म्हणाला, “पण मॅडम, आम्ही आज सकाळीच विचारलं होतं. गळती आहे का, तेसुद्धा. सरांनी दहापैकी दहा दिले.”

तिनं फोन ठेवला. माझ्याकडे वळून विचारलं, “तुम्ही खाली गेला होतात. तुम्हाला दिसलं होतं?”

खोटं बोलता आलं असतं. मी हो म्हणालो. का, ते तिनं विचारलं नाही, तरी मी सांगून टाकलं. तुझा हेवा वाटतो, तू माझ्या मागे बसावीस असं वाटतं, सगळं. ती ऐकत होती, हातमोज्यावरचं तेल गवताला पुसत.

“तुमची गाडी असती,” ती म्हणाली, “तर मी जिन्यातूनच हाक मारली असती.”

नाशिककडे निघालेली एक पिकअप थांबली. मागे थोडेच क्रेट होते. ड्रायव्हरनं चाक पाहिलं. “लय तेल सांडलंय ताई, आता अजिबात चालवू नका,” म्हणाला. आम्ही तिघांनी मिळून गाडी वर चढवली आणि दोरीनं बांधली. मी माझी गाडी वळवून घेतली, मागच्या सीटवरची धूळ हातानं झटकली आणि तिला म्हणालो, बस, तासाभरात घरी पोचू. तिनं त्या सीटकडे पाहिलं. मग पिकअपच्या मागे चढली, दोन क्रेट बाजूला सारले आणि आपल्या गाडीला टेकून बसली.

मी त्यांच्या मागे निघालो. घाट संपेपर्यंत ती माझ्या समोरच होती, पण बघत होती दुसरीकडे. उजवा हात तिनं गाडीच्या टाकीवर ठेवला होता, आणि खरं सांगतो, तेव्हाही मला त्या गाडीचा हेवाच वाटत होता.