कंदवेलअण्णांच्या नावावर अडकलेली फाइल

पूंगोदै,

तुझ्यावर लिहायला बसले आहे आणि तुला विचारणार नाही. विचारलं की "कशाला अम्मा?" म्हणशील, आणि तो संकोच ऐकायला मला वेळ नाही.

सोमनूरच्या यंत्रमाग कामगाराची तू मुलगी. पॉलिटेक्निक करून आमच्या पंपांच्या कारखान्यात आलीस, तेव्हा आराखडे विभाग माझ्याकडे होता आणि विभागात मला सगळे अम्मा म्हणत. कोइम्बतूरमध्ये माझी हयात गेली, पण इतक्या शांतपणे हट्ट करणारी पोर मी दुसरी पाहिली नाही.

आमचे सगळे आराखडे ज्या सॉफ्टवेअरमध्ये राहायचे, ते तू सांभाळायचीस. एकाने फाइल कामाला घेतली की ती त्याच्या नावावर 'चेक-आउट'. त्याने परत जमा केली नाही, तर बाकीच्यांनी नुसतं बघत बसायचं. लोक विसरायचे, फाइल अडकायची, आणि "पूंगोदै!" म्हणून हाका सुरू. मालकांचा मुलगा इळंगो तुला 'किल्लीवाली' म्हणायचा. "आधी स्वतःच्या चार अडकल्यात त्या सोडवा, तंबी," असं तू त्याला, धाकट्या भावाला बोलावं तसं, सगळ्यांसमोर ऐकवायचीस.

मग ती दसऱ्याच्या आदल्या दिवशीची आयुधपूजा. आमचे सर्वांत जुने ड्राफ्ट्समन कंदवेलअण्णा त्याच दिवशी निवृत्त होत होते. डोंगरातल्या पाणीयोजनेच्या पंपाच्या कवचाचा आराखडा त्यांनी शेवटचा काढला. आधीची कवचं जिथे तडकली होती, तिथली भिंत त्यांनी सकाळीच जाड करून दिली. तेवढ्यात "मुहूर्त चालला, बंद करा!" करत इळंगो आमच्या मजल्याच्या मेन स्विचपाशी गेला. संगणक पुसले, चंदन-कुंकू लागलं, चुरमुरे सांडले, दारात कोहळा फुटला. पूजा वडीलधारे म्हणून अण्णांनीच मांडली. आता दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत कशालाही हात लावायचा नाही. अण्णा निरोपाचा हार घेऊन घरी गेले आणि ऑफिसने लगेच सॉफ्टवेअरमधलं त्यांचं खातं बंद केलं.

दुपारी फाउंड्रीचा फोन आला. विजयादशमीच्या पहाटे पहिला साचा याच कवचाचा भरणार होते, आराखडा आजच हवा. इळंगोने लॅपटॉप उघडला. तो पूजेत ठेवलेला नव्हता. साहेबांची आयुधं वेगळी! बघतो तर फाइल अण्णांच्या नावावर चेक-आउट.

"म्हाताऱ्याने जाता जाता कुलूप घातलं," तो ओरडला. "आपल्यावाचून अडतं हे दाखवायला! तोड ते."

"तोडते," तू म्हणालीस. "मग सर्व्हरवरची जुनी प्रत सुटेल. तडकणारी. अण्णांची दुरुस्ती त्यांच्याच मशीनवर आहे."

"मग मशीन लाव!"

"त्यावर कुंकू आहे."

"कुंकू पुसता येतं."

"पुसा की मग तुम्ही."

दारात लेथवरची माणसं जमली होती. इळंगो जागचा हलला नाही. पण 'अण्णांनी मुद्दाम केलं' हे वाक्य एव्हाना गेटपर्यंत पोचलं होतं. सगळी उमर इथे घालवलेला माणूस संध्याकाळपर्यंत बदनाम झाला असता.

"पूजा त्यांनी मांडली, उठवायची तर त्यांनीच," तू म्हणालीस. "आणि फाइलसुद्धा त्यांच्याच नावाने, त्याच मशीनवरून नीट जमा होते. एकाच माणसाला बोलवायचं आहे."

"आणि तो नाही आला तर?"

"आधी बोलवा, मग बोला."

मी माझ्या गाडीची किल्ली काढून ड्रायव्हरला पिटाळलं. तोवर तू इळंगोच्याच लॅपटॉपवरून अण्णांचं खातं परत उघडलंस.

अण्णा पूजेला नेसलेल्या त्याच वेष्टीत आले. कापूर लावला, हात जोडले, मशीनवरचा हार उतरवला, चुरमुरे फुंकून बाजूला केले, मेन स्विच लावायला सांगितला आणि मशीन सुरू केलं. फाइल अर्धी जमा होऊन थांबली होती.

"अण्णांनी जमा करायला टाकली होती," तू मोठ्याने, दारापर्यंत ऐकू जाईल असं म्हणालीस. "मध्येच वीज गेली."

"वीज कधी गेली?" इळंगोने विचारलं.

"वीज नाही, तुमचा मुहूर्त चालला होता, तंबी," झाडू घेऊन उभी असलेली राक्कियम्मा म्हणाली, आणि सगळा मजला हसला.

इळंगोचे कान लाल झाले. "अण्णा, चुकलं माझं."

"मग चहा सांग," अण्णा म्हणाले आणि पुन्हा जमा करायचं बटण दाबलं. या वेळी फाइल पूर्ण गेली. कुलूप आपोआप सुटलं, भिंत जाडच राहिली.

पुढच्या वर्षीपासून मेन स्विच तुझ्या ताब्यात. "सगळ्या जमा" असं तू म्हटल्याशिवाय पुजारीही घंटा उचलत नसे. ही गोष्ट मी भेटेल त्याला सांगते. माझ्या विभागातली पोर आहे, का सांगू नये?

त्या दिवशी निघताना अण्णा आपल्या दोघींना म्हणाले होते, "पंप बसला की एकदा जाऊन ऐका. नव्या भिंतीने आवाज कसा येतो, ते मला सांगा." तू लगेच म्हणालीस, "मी आणि अम्मा जाऊ." पंप बसला. तू होसूरला मोठ्या नोकरीवर गेलीस, माझे गुडघे गेले. अण्णा फोनवर विचारतात, मी पुढच्या महिन्याचं सांगते. डोंगरात आपण अजून गेलेलो नाही.