पॉलिशवाल्याच्या हाताचा वास

आमच्या बैठकीत नाव-आडनाव कोणी विचारत नाही. दारू सोडायला आलाय, एवढी ओळख पुरते. म्हणून आमच्यातल्या एकाला आम्ही पॉलिशवाला म्हणतो, आणि मला सगळे चहावाल्या काकू म्हणतात, कारण किटली माझ्या ताब्यात असते. खोलीतलं बाहेर बोलायचं नाही हा नियम आहे. पण हे लिहायला त्यानेच सांगितलं. म्हणाला, "काकू, नावं गाळा, बाकी एक अक्षर गाळू नका. माझ्या भावाला लागलं पाहिजे."

तो पहिल्यांदा आला ते आठवलं की अजून हसू येतं. शिवणक्लासच्या वरची आमची खोली त्याला औषधाच्या दुकानदाराने सांगितली होती. जिना चढून धापा टाकत दारात उभा राहिला आणि म्हणाला, "इथे पीत नसल्याचा दाखला मिळतो का?"

मी म्हटलं, "दाखला नाही मिळत बाबा, चहा मिळतो. कशाला हवाय?"

"भावाच्या तोंडावर मारायला."

मग हळूहळू कळलं. बाप पॉलिशवालाच, त्याचं फर्निचरचं दुकान होतं. थोरला गल्ल्यावर बसायचा, हा मागच्या खोलीत पॉलिश करायचा. लाख स्पिरिटमध्ये विरघळवायची, कापसाचा बोळा त्यात भिजवायचा आणि खांदा भरून येईपर्यंत लाकडावर फिरवत राहायचं. दिवसभर नाकात स्पिरिट, संध्याकाळी दोघा भावांची बाटली. ह्याचा पहिला पेला थोरल्यानेच भरला. पुढे हा वाहवत गेला, तेव्हा तोच थोरला गिऱ्हाइकांपुढे साळसूदपणे सांगायचा, "आमच्या घरात असलं कोणी नव्हतं हो." शेवटी त्याने ह्याला दुकानातून काढलं. हा दुसऱ्याच्या कारखान्यात लागला.

आई थोरल्याकडे होती. ती अंथरुणाला खिळली तशी थोरल्याने ह्याला बजावलं, पिऊन तिच्यासमोर यायचं नाही. ह्याने तेवढ्यासाठी दारू तोडली. हातपाय लटपटायचे, घामाने अंथरूण भिजायचं, पण थेंब घेतला नाही. आईचं जास्त झाल्याचा निरोप कारखान्यात आला, तेव्हा हातातला बोळा टाकून, हातसुद्धा न धुता धावत गेला. थोरल्याने दार उघडलं, ह्याचे हात हुंगले आणि म्हणाला, "प्यायलायस." आणि दार लावून घेतलं. आतून आई ह्याला हाका मारत होती. बाहेर पायरीवर त्या ऐकू येत होत्या. मग त्या थांबल्या.

"पॉलिशवाल्याच्या पोटी जन्मलाय तो," हा सांगायचा. "स्पिरिट कुठलं आणि दारू कुठली, त्याला कळत नव्हतं होय?"

त्या दिवसापासून हा पुन्हा प्यायला लागला, आणि पिऊन पिऊन एक दिवस आमच्या जिन्यावर आला. आम्ही त्याला म्हटलं, राग सोड. तो म्हणाला, "दोन्ही एकदम नाही सुटायचं. आधी दारू सोडतो." शहाणी माणसं म्हणतात, राग माणसाला खातो. खात असेल. ह्याला त्यानेच जगवलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दारूची तलफ आली की तो डोळे मिटून थोरल्याला शिव्या घालायचा. शिव्या संपेपर्यंत तलफ गेलेली असायची.

आमच्याकडे एक रीत आहे. बैठकीच्या आधी एकाने दारात उभं राहायचं आणि येणाऱ्या प्रत्येकाचा हात हातात घ्यायचा. दारुड्याचा हात बाहेर कोण धरतो? ते काम पॉलिशवाल्याने मागून घेतलं होतं. एका मंगळवारी जिन्यात पावलं अडखळली. कठड्याला धरधरून एक सुजलेला माणूस वर आला, आणि ह्याला बघून जागच्या जागी थिजला. तो थोरला होता.

मी किटली खाली ठेवली. दार ह्याच्या हातात होतं. त्याने ते भावाच्या तोंडावर आपटलं असतं, तर मी तरी त्याला बोल लावला नसता.

थोरला मागे वळायला लागला.

"थांब," पॉलिशवाला म्हणाला. "आत यायचं तर हात द्यावा लागतो." त्याने हात पुढे केला आणि थेट भावाच्या नाकाशी नेला. "हुंग. सगळ्यांसमोर सांग, कशाचा वास आहे?"

थोरल्याने नाक पुढे केलं.

"पॉलिशचा," थोरला पुटपुटला.

"आणि त्या दिवशी?"

थोरल्याने त्या तळव्याकडे पाहिलं.

"त्या दिवशी प्यायलेलो मी होतो," तो म्हणाला. "तू आत आला असतास तर आईला कळलं असतं, कोण शुद्धीवर आहे ते."

मला वाटलं, आता हा हात उचलणार. त्याने उचलला नाही. त्याने भावाचं मनगट धरलं, ते इतकं घट्ट की थोरला कळवळला.

"आत चल. तुला असं पिऊन मरू देणार नाही मी. मेलास तर सुटशील."

तेव्हापासून दर मंगळवारी तो थोरल्याला घरी जाऊन घेऊन येतो. थोरला कधी म्हणतो, आज बरं वाटत नाही. हा त्याच जुन्या पायरीवर उभा राहून, दार उघडेपर्यंत हाका मारत राहतो. बैठकीत शेजारी बसवतो, माझ्याकडून चहा आणून त्याच्या हातात देतो. थोरला आता पीत नाही.

इतर दिवशी पॉलिशवाला कामावरून निघताना साबणाने हात खसाखसा धुतो. मंगळवारी धूत नाही.