लहान पडलेला फिल्टर
क्लोरीनचा वास आला की मला अजूनही एका जागी बसवत नाही. काशीमीऱ्याला माझं स्विमिंग पूलच्या सामानाचं दुकान होतं. उत्तनच्या एका म्हाताऱ्या मच्छीमाराने नातीला पोहायला शिकवायला अंगणातच पूल बांधला आणि तो फिल्टर घ्यायला आला. "दर्यात नको, डोल्यांसमोर शिकू दे. मना यातला काय कळत न्हाय, तू सांगशील तो लावू." त्याच्या पूलला मोठा फिल्टर लागणार होता. माझ्याकडचा संपला होता, आणि गिऱ्हाईक दुसरीकडे जाईल म्हणून मी ठोकून दिलं, "काका, लहान पुरे की!" महिन्याभरात त्याचा घाबराघुबरा फोन आला. मी धावलो. पाणी ताकासारखं गढूळ झालेलं. नात बुडाली तेव्हा तळ दिसेना, म्हाताऱ्याने चाचपडत तिला वर काढलं होतं. पोर ओटीवर खोकत होती. "माजीच चूक," तो म्हणाला, "औषध कमी टाकला मी." मी मान डोलावली. वर सांगितलं, "क्लोरीन रोज टाकत जा, काका." नंतर मोठा फिल्टर मी फुकट बसवून दिला, तर तो माझे हात धरून रडला. तेव्हापासून दरवर्षी तो सुके बोंबील पाठवतो. बायको आवडीने तळते, आणि मी ताटावरून उठून गॅलरीत येरझाऱ्या घालतो.